ही वाफ धरायची का? हरितगृह परिणामात कोणत्या वायूचा वाटा किती

प्रश्न एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा आहे. त्या विचारतात, "हरितगृह परिणामाला सर्वांत जास्त कारणीभूत वायू कोणता? एका पुस्तकात पाण्याची वाफ दिलंय, दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड. आणि नववीतला एक मुलगा म्हणतो मिथेन, कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट ताकदीचा. मुलांना काय सांगू?"

आधी उत्तर, मग फोड. आज या घडीला पृथ्वीची उष्णता अडवून धरण्याचं जे काम हवेत चाललंय, त्यातलं साधारण निम्मं पाण्याची वाफ करते आणि पाव भाग ढग. पाचवा हिस्सा कार्बन डायऑक्साइडचा. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, ओझोन आणि एसी-फ्रिजमधले वायू हे सगळे मिळून उरलेले पाचेक टक्के. पण माणसाने 1750 नंतर या कामात जी भर घातली, तिच्यात क्रम बदलतो. हवेत दीर्घकाळ टिकणाऱ्या वायूंमुळे पडलेल्या भरीत सुमारे 65 टक्के एकट्या कार्बन डायऑक्साइडचे आहेत. आणि कार्बन डायऑक्साइडशी किलोला किलो लावून पाहिलं तर तुमचा नववीतला मुलगाही चुकलेला नाही. दोन्ही पुस्तकं आणि तो मुलगा, तिघेही बरोबर आहेत. फक्त तिघे वेगवेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतायत.

मी बावीस वर्षं कारखान्यांचे हरितगृह वायूंचे हिशेब तपासते. सुरुवातीच्या काळात एका साखर कारखान्यावर गेले होते, गळीत हंगाम ऐन भरात. ऊस म्हणजे सत्तर टक्के पाणी, त्यामुळे अशा ठिकाणी जिकडे बघाल तिकडे वाफ: कूलिंग टॉवरवर, पॅनच्या मजल्यावर, गळतीच्या प्रत्येक सांध्यावर. मी वहीत डिझेलचे लिटर उतरवून घेत होते. बॉयलरवरचे एक काका बराच वेळ बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मॅडम, ही वाफ पण धरायची का? आमच्या पोराच्या पुस्तकात वाफच एक नंबरला आहे."

धरायची नाही. का नाही, हे तेव्हा मला त्यांना दोन वाक्यांत सांगता आलं नव्हतं. आता सांगायचा प्रयत्न करते, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथेच आहे.

पावसाचा हिशेब घ्या. या क्षणी जगभरच्या हवेत जेवढी वाफ आहे ती सगळी एकदम पाडली, तर जमिनीवर सरासरी 25 मिलिमीटर पाणी साचेल, एखादी बरी सर पडल्यासारखं. आणि पृथ्वीवर वर्षाचा सरासरी पाऊस असतो साधारण एक मीटर, म्हणजे 1,000 मिलिमीटर. 1,000 भागिले 25 म्हणजे 40. हवेतला वाफेचा साठा वर्षातून चाळीस वेळा रिकामा होतो आणि चाळीस वेळा भरतो. 365 भागिले 40, म्हणजे वाफेचा मुक्काम सरासरी नऊ दिवसांचा. साखर कारखान्याने आज सोडलेली वाफ पुढच्या आठवड्यात कुठेतरी पाऊस किंवा दव होऊन खाली आलेली असते. समुद्रावरून आणि जमिनीवरून वर्षाला सुमारे पाच लाख घनकिलोमीटर पाणी वर जातं. त्यापुढे सगळ्या जगातले बॉयलर एकत्र केले तरी खिजगणतीत नाहीत.

मग हवेत वाफ किती राहील हे ठरवतं कोण? तापमान. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सात टक्के जास्त वाफ मावते. थंड झाली की जास्तीची वाफ गळून पडते. वाफ स्वतःहून वाढत नाही, कोणीतरी आधी हवा तापवावी लागते. ते काम जे वायू गोठत नाहीत, पाऊस होऊन पडत नाहीत, ते करतात, आणि त्यांच्यात मोठा कार्बन डायऑक्साइड. त्याने थोडं तापवलं की वाफ वाढते, वाढलेली वाफ आणखी तापवते. वाफेमुळे मूळची वाढ जवळपास दुप्पट होते. वाफ राबणारी आहे हो, पण किल्ल्या तिच्या कमरेला नाहीत.

हे नुसतं तर्काने म्हटलेलं नाही. न्यूयॉर्कमधल्या नासाच्या गोडार्ड संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2010 साली संगणकावरच्या पृथ्वीतून कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासारखे न गोठणारे सगळे वायू काढून टाकले. वाफेला हात लावला नाही. पहिल्याच वर्षात सरासरी तापमान साडेचार अंशांनी उतरलं, पाठोपाठ वाफ गळून गेली, आणि पन्नास वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 21 वर आलं. म्हणजे पाचवा हिस्सा सांभाळणारा वायू गेला आणि निम्मा सांभाळणारी वाफ त्याच्यामागोमाग गेली. बॉयलरवरच्या काकांना मी हे सांगायला हवं होतं.

आता वर दिलेले टक्के कुठून आले ते बघू, कारण वेगवेगळ्या पुस्तकांत वेगवेगळे आकडे दिसतील आणि मुलं विचारतील. हवा नसती, किंवा हवेतले हे वायू नसते, तर पृथ्वीचं तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं; प्रत्यक्षात ते सरासरी 15 आहे. या 33 अंशांच्या फरकालाच हरितगृह परिणाम म्हणतात. वॅटमध्ये सांगायचं तर जमिनीवरून वर निघालेल्या उष्णतेपैकी चौरस मीटरला सुमारे 155 वॅट वाटेत अडवले जातात. यात कोणाचे किती हे वाटणं मात्र सोपं नाही, कारण वायू एकमेकांच्या कामावर आडवे येतात. ज्या लांबीचे अवरक्त किरण (डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण) कार्बन डायऑक्साइड शोषतो, त्यातले काही वाफही शोषते. एकट्या वाफेला काढलं तर परिणाम 39 टक्क्यांनी घटतो, पण हवेत एकटीच वाफ ठेवली तर 62 टक्के काम ती करते. कार्बन डायऑक्साइडचं तसंच: एकटा काढला तर 14 टक्के जातात, एकटाच ठेवला तर 25 टक्के उरतात. निम्मं आणि पाचवा हिस्सा हे या दोन टोकांमधले, दोघांनी मिळून उचललेलं ओझं वाटून दिल्यावर येणारे आकडे आहेत. शिवाय जुन्या तक्त्यांत ढग धरलेले नसतात. निरभ्र आकाशाचा हिशेब केला की वाफेचे 60 आणि कार्बन डायऑक्साइडचे 26 टक्के येतात. पुस्तकं भांडत नाहीयेत, कोणी ढग धरलेत आणि कोणी सोडलेत एवढंच.

वाफेचं आणि ढगांचं काम मुलांना दाखवायचं असेल तर द्राक्षपट्ट्याचं उदाहरण द्या. जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या दरवर्षी असतात. त्या रात्री आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. जमिनीची ऊब थेट वर निघून जाते. त्याच गावात, त्याच आठवड्यात, संध्याकाळी आभाळ भरून आलं की पहाटेचा पारा चांगला वर राहतो. बागाईतदाराला हे शिकवावं लागत नाही. आभाळ आलं की थंडी मोडते हे त्याला ठाऊक असतं. मग तो थंडीची काळजी सोडून डावणी या द्राक्षावरच्या बुरशीची सुरू करतो. सूर्य रात्री नसतो, तेव्हा या फरकात उन्हाचा संबंध नाही. पांघरूण आहे की नाही, एवढाच प्रश्न.

पण हवेचा 99 टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन असताना ते यात का नाहीत? त्यांच्या रेणूत दोन सारखेच अणू असतात. ते कसेही थरथरले तरी विजेच्या भाराचं पारडं एका बाजूला झुकत नाही, आणि तसं झुकल्याशिवाय अवरक्त किरण पकडता येत नाही. तीन अणूंचा रेणू वाकू शकतो. कार्बन डायऑक्साइड वाकतो तेव्हा नेमके 15 मायक्रॉनच्या आसपासचे किरण पकडतो, आणि पृथ्वी ज्या लांबीत भरपूर उष्णता फेकते तिथेच तो पट्टा आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडल यांनी 1859 साली लंडनच्या प्रयोगशाळेत नळीत एकेक वायू भरून हे मोजलं. कोरडी, स्वच्छ हवा उष्णतेला जवळपास पारदर्शक; वाफ आणि कार्बन डायऑक्साइड नाही. त्याआधी तीन वर्षं, 1856 मध्ये, अमेरिकेत युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापते आणि उशिरा निवते हे दाखवलं होतं. त्यांचं नाव दीडशे वर्षं कोणी घेतलं नाही.

आता माणसाने घातलेली भर. औद्योगिक काळाआधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे 280 होते. 1958 साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआवर मोजायला सुरुवात केली तेव्हा 315 च्या आसपास, आणि 2024 ची सरासरी 424 च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे सांगतात की मागच्या आठ लाख वर्षांत हा आकडा कधी 300 च्या फारसा पलीकडे गेला नव्हता. 1750 ते 2019 या काळातली भर वॅटमध्ये मांडली तर चौरस मीटरला कार्बन डायऑक्साइडचे 2.16, मिथेनचे 0.54, सीएफसी (जुन्या फ्रिज-एसींतले वायू) आणि त्यांच्या गोतावळ्याचे 0.41, नायट्रस ऑक्साइडचे 0.21. बेरीज 3.32. ओझोनचे आणखी 0.47 वेगळे धरतात, कारण तो कोणी सोडत नाही, हवेतच तयार होतो. 155 वॅटच्या पांघरुणात तीन-साडेतीन वॅट म्हणजे दोन टक्के. पण 33 अंशांचं काम करणाऱ्या पांघरुणात दोन टक्के वाढले, ते वाफेने फुगवले, की काय होतं ते आपण बघतोच आहोत.

इथे एक शंका हमखास येते, आणि ती चांगली शंका आहे: 15 मायक्रॉनचे किरण तर आहे तेवढाच कार्बन डायऑक्साइड पुरते शोषून घेतो, मग आणखी वाढला तर काय बिघडलं? भिंतीला चुना मारताना बघा. पहिल्या हाताने भिंत बरीचशी झाकली जाते. दुसऱ्या हाताने त्याहून कमी फरक पडतो, चौथ्याने आणखी कमी. मधला भाग कधीच पांढरा झालेला असतो, पण कडा आणि कोपरे अजून भरत असतात. कार्बन डायऑक्साइडच्या पट्ट्याच्या कडा अशाच भरत जातात. म्हणून 280 चे 560 झाले तर चौरस मीटरला सुमारे चार वॅट वाढतील, आणि पुन्हा तेवढीच वाढ व्हायला 560 चे 1,120 व्हावे लागतील. वाढ मंदावते, थांबत नाही.

आणि याच चुन्याच्या भिंतीत तुमच्या नववीतल्या मुलाचं उत्तर आहे. मिथेन जात्याच कोणी पैलवान वायू नाही. तो हवेत इतका थोडा आहे, दहा लाखांत दोनही नाही, की त्याच्या वाटची भिंत अजून जवळजवळ कोरी आहे. कोऱ्या भिंतीवर एक हात मारला की लगेच दिसतो. शिवाय तुलना किलोला किलो करतात. मिथेनचा रेणू 16 वजनाचा, कार्बन डायऑक्साइडचा 44. त्यामुळे एका किलोत मिथेनचे रेणू पावणेतीन पट जास्त येतात. हा भाग वजनकाट्याचा आहे, वायूच्या ताकदीचा नाही.

त्या 28 आकड्यालाही शंभर वर्षांची मुदत चिकटलेली आहे, ती बहुतेक तक्त्यांत छापायची राहून जाते. मिथेन हवेत बारा वर्षांच्या आसपास टिकतो. शंभर वर्षांची सरासरी काढली तर तो आजच्या हिशेबाने 27 पट येतो, खनिज तेल-वायूतला असेल तर 30 पट. वीस वर्षांची काढली तर 80 पट. वायू तोच, मुदत बदलली. कार्बन डायऑक्साइडचा मात्र मोठा भाग शतकानुशतकं हवेत राहतो, काही हजारो वर्षं. म्हणून मिथेनची गळती थांबवली तर एका पिढीत फरक दिसतो. कार्बन डायऑक्साइड सोडणं थांबवलं तरी आधी सोडलेला तिथेच असतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर शाळेच्या पुस्तकांत मिथेनला जरा कमीच जागा मिळते. वरच्या 0.54 वॅटमध्ये त्याचं सगळं कर्तृत्व येत नाही. मिथेनमुळे जमिनीलगतच्या थरात ओझोन तयार होतो आणि त्याचे वॅट ओझोनच्या खात्यावर पडतात. सोडलेल्या वायूप्रमाणे खातं मांडलं तर 2010 ते 2019 या दशकापर्यंत झालेल्या तापमानवाढीत कार्बन डायऑक्साइडचा वाटा सुमारे 0.8 अंश आणि मिथेनचा 0.5 अंश येतो. कोळसा-डिझेलच्या धुरातले गंधकाचे कण ऊन परतवून यातलं काही झाकून टाकतात, म्हणून एकूण वाढ या सगळ्यांच्या बेरजेइतकी दिसत नाही.

कामावर हे आकडे कसे उतरतात ते सांगते, वर्गात गणितं घालायला उपयोगी पडतील. एक लिटर डिझेल म्हणजे 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड. 14.2 किलोचं गॅस सिलिंडर म्हणजे साधारण 42 किलो. आपल्या म्हशीसाठी 2006 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तक्त्यात वर्षाला 55 किलो मिथेन धरलंय. गुणिले 27, म्हणजे जवळपास दीड टन कार्बन डायऑक्साइडइतकं. (ते बहुतेक सगळं रवंथ करताना तोंडावाटे येतं. मुलं दुसरीच बाजू समजून हसतात.) युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे 20.7 किलो. त्यातला एक टक्का शेतातून नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असं धरतात. नायट्रोजनवरून वायूचं वजन काढायला 44 भागिले 28 ने गुणा: 325 ग्रॅम. हा वायू 273 पट, आणि शंभराहून जास्त वर्षं टिकणारा. गोणीमागे 89 किलो झाले. ट्रॅक्टरचं डिझेल मोजणारे पुष्कळ भेटतात, गोणी मोजणारा क्वचित.

सगळ्यात जास्त गडबड मात्र एसीच्या गॅसची असते. एका दूध शीतकरण केंद्रावर हिशेबात या रकान्यात शून्य होतं. व्यवस्थापक म्हणाले, "गॅस कुठे संपतो? उन्हाळ्याच्या तोंडाला थोडा टॉप-अप करतो फक्त." टॉप-अप करावा लागतो याचा अर्थच तेवढा उडून गेला. मेकॅनिकच्या गाडीत सिलिंडर होतं. आधी आणि नंतर वजन करायला लावलं. तीन ऑफिस-एसींत मिळून दोन किलो दोनशे ग्रॅम आर-410ए गेला. हा 2,250 पट, म्हणजे जवळजवळ पाच टन. केंद्राच्या जनरेटरने 1,800 लिटर डिझेल जाळल्यासारखं. मुख्य शीतगृह अमोनियावर होतं, अमोनिया हरितगृह परिणामाच्या दृष्टीने शून्य. म्हणजे ज्या यंत्राची सगळे धास्ती घेतात ते या बाबतीत निरुपद्रवी, आणि साहेबांच्या केबिनचा एसी खरा उधळ्या. त्याच आवारातल्या वीजजोडणीच्या आरएमयूच्या, म्हणजे उच्च दाबाच्या स्विचच्या डब्याच्या, पाटीवर आत भरलेला वायू लिहिला होता: सल्फर हेक्झाफ्लोराइड, 3 किलो. हा 25,000 पट. सुदैवाने डबा सीलबंद होता. गळला असता तर 75 टन.

या जातीच्या वायूंचं हे रूप पहिल्यांदा दाखवून दिलं ते भारतात शिकून अमेरिकेत गेलेल्या वीरभद्रन रामनाथन यांनी, 1975 साली. तोवर सीएफसीची भीती होती ती ओझोनच्या थरासाठी. त्यांनी दाखवलं की सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या हजारो रेणूंइतकी उष्णता अडवतो. 1987 चा माँट्रियल करार ओझोनसाठी झाला, पण सीएफसी बंद झाल्याने तापमानवाढही बरीच टळली.

मुलं विचारतील हे मोजतं कोण. आपल्याकडे गोव्यातल्या काब द राम इथे 1993 पासून काही वर्षं समुद्रावरची हवा बाटल्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवत. त्यात एक सुंदर गोष्ट दिसते: पावसाळ्यात वारा विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, समुद्रावरून येतो तेव्हा मिथेन कमी, हिवाळ्यात जमिनीवरून, आपल्याच शेतं-गोठे-शहरांवरून येतो तेव्हा जास्त. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सिंहगडावरही अशी मोजणी केली आहे. पुढच्या वेळी सहल गडावर गेली तर पिठलं-भाकरीच्या आधी पाच मिनिटं यावर बोलता येईल.

राहिला तुमचा पेपर. "हरितगृह परिणामाला सर्वांत जास्त कारणीभूत वायू कोणता?" असा प्रश्न काढू नका. "मानवी कृतींमुळे झालेल्या तापमानवाढीला" हे शब्द घातले की कार्बन डायऑक्साइड हे एकच उत्तर उरतं. आणि यंदाचे पेपर छापून झाले असतील, तर वाफ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्या. मिथेनवाल्याला "28 पट, पण किती वर्षांत?" एवढं विचारून बघा.